ऑफिस एरियात नवीन आहेस? दुपारच्या जेवणाचं असं बघ

अरे टेन्शन नको घेऊ, आठवड्याभरात बसतं सगळं. आधी मेन रोड सोड, तिथल्या दुकानांचं भाडं शेवटी आपल्याच बिलात येतं. मागच्या गल्लीत वळ आणि सिक्युरिटीवाले, ड्रायव्हर, कुरिअरवाले कुठे जेवतात ते बघ, रोज स्वतःच्या खिशातून देणारा माणूस बेचव जागी परत जात नाही.

टायमिंग सांभाळ, सगळी ऑफिसं जेवायला एकदम सुटायच्या अर्धा तास आधी गेलास तर गरमही मिळतं आणि बसायलाही, उशिरा गेलास की उरलंसुरलं.

नवीन लोक हमखास फसतात ते इथे:
- रोज ॲपवरून मागवणं, डिलिव्हरी आणि पॅकिंग धरून बिल फुगतंच
- लांबलचक मेनूला भुलणं (एवढं सगळं रोज ताजं कोण करतं?)

कूपन, महिन्याचे पास वगैरे नंतर बघू.