कॅसेट रडत नाही, वाजतेच तशी

प्रश्न : काका, मुलगा हुबळीला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आला की 'लव्हलेस' नावाचा इंग्रजी अल्बम लावून बसतो. म्हणतो, तीस वर्षं उलटली तरी लोक याला डोक्यावर घेतात. मला नुसती घरघर ऐकू येते, गाणारी काय म्हणते तेही कळत नाही. यात खरंच काही आहे, की एकानं नावाजलं म्हणून बाकीच्यांनी माना डोलावल्या?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, हीच तक्रार घेऊन एक पोरगा माझ्याकडे आला होता. खडे बाजारात माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. मावशीनं लंडनहून पाठवलेली याच अल्बमची कॅसेट आणि टू-इन-वन काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, रडतेय बघा." मी हेड स्पिरिटनं पुसलं, पिंच रोलर, म्हणजे फीत पुढे ओढणारं रबरी चाक, बदलला, बेल्ट तपासला. रडणं तसंच! शेवटी शेजारच्याची भजनाची कॅसेट घालून बघितली, ती एकदम सरळ.

म्हणजे गाणंच तसं. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हा बँड, गिटारवाला केव्हिन शील्ड्स. गिटारीला एक दांडी असते, ती हलवली की तारा सैल-ताठ होतात. बाकीचे ती अधूनमधून वापरतात. हा गडी ती मुठीत धरूनच त्याच हातानं तारा छेडतो, म्हणून प्रत्येक झंकार किंचित खाली-वर झुलतो. कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे; सूर झुलवणं आम्हाला नवं नाही. पण इथे गिटारींच्या आवाजाची अख्खी भिंत झुलते.

गाणारी बिलिंडा बुचर. सकाळी साडेसातला झोपेतून उठवून गायला लावायचे, असं तिनंच सांगितलंय. तो पेंगुळलेला आवाज मुद्दाम गिटारींच्या आत ठेवलाय. शब्द शोधू नका.

आता नावाजण्याचं. १९९१च्या नोव्हेंबरात निघाला तेव्हा ब्रिटनच्या अल्बम-खपाच्या यादीत २४व्या नंबरापर्यंतच चढला. दोनेक वर्षं आणि १९ स्टुडिओ खाल्ले. अडीच लाख पौंड खर्चून क्रिएशन रेकॉर्ड्स कंपनी बुडायला आली होती म्हणतात; शील्ड्सला तो आकडा मान्य नाही. पुढचा अल्बम थेट २०१३ला. माणूस एकवीस वर्षं गप्प बसला की दबदबा वाढतोच, तेवढ्यापुरती तुमची शंका रास्त. पण मधल्या काळात कितीतरी बँडांनी गिटारीचा आवाज बदलणारी पेडलं जोडून हाच आवाज काढून बघितला. त्यांची भिंत उभी राहते, झुलत नाही.

मुलाला हेडफोन काढून स्पीकरवर लावायला सांगा. पहिलं गाणं नको, दचकाल. आठवं लावा, त्यात ठोका अगदी दबका आहे. दहावं मीही पुढे ढकलतो.

त्या पोराकडून पिंच रोलरचे पैसे मात्र मी घेतले. बदलला होता ना!