४२ माणसं, अडीच तास आणि पहिल्या रांगेत साहेब

प्रश्न : मी कंपन्यांसाठी गटबैठका चालवून देते. एका कारखान्याला पाळीतल्या अडचणी कामगार आणि सुपरवायझरांकडून एकत्र जाणून घ्यायच्या आहेत. मी पूर्ण दिवस मागितला, मिळाले अडीच तास. ४२ माणसं, जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांचं सभागृह, एमडी साहेब (मॅनेजिंग डायरेक्टर) पूर्णवेळ हजर, बोनसचा विषय काढायचा नाही, आणि शेवटी ‘उपाय ठरलेले हवेत’. काम घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण शेवटची अट बदलून. वेळेवरून घासाघीस करू नका. त्यामागे बहुधा पाळी सुटण्याची आणि बस निघण्याची वेळ असते. त्याऐवजी हिशोब मांडून दाखवा. १५० मिनिटांतून जमवाजमव १०, साहेबांचं बोलणं १०, चहा १५, समारोप १५ गेला की उरली १००. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तर ८४ तिथेच संपतात. सहा-सहांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाने तीन मिनिटांत मांडणी केली, तरी उठबस धरून अर्धा तास जातो. उरलेल्या ७० मिनिटांत एकच प्रश्न नीट होतो. तेव्हा आधीच ईमेलने कळवा : ‘या बैठकीतून मुख्य पाच अडचणी क्रमाने मिळतील, उपायांसाठी दुसरी बैठक लागेल.’ हे लेखी नसेल तर शेवटच्या दहा मिनिटांत ‘प्रशिक्षण द्यावे’, ‘संवाद वाढवावा’ अशा ओळी फळ्यावर चढतात आणि त्यांची जबाबदारी कुणाकडेच नसते.

ठोकलेल्या खुर्च्यांचं फार मनावर घेऊ नका. पुढच्या रांगेतल्या तिघांना मागे वळवून मागच्या तिघांशी जोडा, झाला गट. दर दोन रांगांनंतर एक रांग रिकामी ठेवा, म्हणजे तुम्हाला फिरता येतं. मुद्दे लिहिलेली कार्डं जिथे लावणार ती भिंत मात्र आदल्या दिवशी तपासा. आवाज शोषणारं कापड लावलेल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, कार्डं एकेक करून गळायला लागतात. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे बरोबर ठेवा. कार्ड ए-फोरच्या अर्ध्या आकाराचं, त्यावर एकच मुद्दा, तोही जाड मार्करने. बॉलपेनचं अक्षर तिसऱ्या रांगेतून वाचता येत नाही.

खरी अडचण साहेबांची आहे. ते समोर असले की माणसं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतात, मग बोलतात. त्यांना सुरुवातीला बोलू द्या, मग बाहेर जाऊन शेवटच्या अर्ध्या तासाला परत यायला सुचवा. ‘तुम्ही नकोत’ म्हणू नका, ‘तुम्हाला गाळलेलं नाही, खरं ऐकायला मिळावं म्हणून’ असं सांगा. तरी बसलेच, तर पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून बिननावाची कार्डं लिहायची, ती तुम्ही गोळा करून पिसायची आणि मोठ्याने वाचायची. साहेबांना कुठल्याच गटात घालू नका. महत्त्वाच्या वाटणाऱ्या कार्डांवर प्रत्येकाने पसंतीचे तीन ठिपके लावायचे. साहेबांचे सर्वांत शेवटी, नाहीतर बाकीचे ठिपके त्यांच्याच मागे धावतात.

बोनस तुम्ही काढला नाही तरी कुणीतरी काढणारच. म्हणून ‘बोनसची बोलणी युनियनशी वेगळी होतात, इथे काही ठरणार नाही’ असं काही खरं कारण असेल, तर ते सुरुवातीलाच साहेबांच्या तोंडून येऊ द्या. तुमच्या तोंडून आलं तर तुम्ही मॅनेजमेंटच्या ठरता. तरीही मुद्दा आला तर बाजूच्या फळ्यावर लिहा. शेजारी उत्तर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे साहेबांनी भरायचं.

वर्ज्य विषय हेच दुखण्याचं मूळ असेल, उदाहरणार्थ ‘माणसं नोकरी का सोडतात’ हा प्रश्न आणि पगारावर बोलायला बंदी, तर असं काम सोडा. निर्णय आधीच झालेला असून फक्त माना डोलावून हव्या असतील, तर बैठकीचं नाव ‘माहिती सभा’ ठेवायला सांगा. त्याला क्लायंट तयार नसेल तर हात जोडा.

प्रश्न : ऑनलाइन बैठकीत ६० जण आहेत, पण कंपनीच्या धोरणामुळे छोट्या गटांच्या खोल्या उघडता येत नाहीत. काय करावं?

उत्तर : प्रश्न विचारा आणि सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर टाईप करून ठेवायला सांगा, पाठवायचं मात्र तुमच्या खुणेवर. दोन मिनिटांनी खूण करा. उत्तरं एकदम येतात, त्यामुळे पहिल्याचं बघून दुसरा लिहित नाही. लांब उत्तरं हवी असतील तर सामायिक शीटमध्ये प्रत्येकाला ओळ क्रमांक द्या. तो आदल्या दिवशीच कळवा, नाहीतर ‘माझी ओळ कोणती?’ यातच पाच-सात मिनिटं जातात. आणि शीट कंपनीच्या खात्यावरूनच बनवा. बाहेरची लिंक पुष्कळदा त्यांच्या लॅपटॉपवर उघडत नाही.