हुतात्मा चौकात पहिल्यांदा स्केचिंगला जाणाऱ्यासाठी

अरे वा, हुतात्मा चौकात स्केचिंगला जायचं म्हणतोस, मस्त ठरवलंस! फक्त पहिल्याच दिवशी अख्खा चौक कागदावर उतरवायला जाऊ नकोस, बहुतेक नवीन लोक तिथेच दमतात आणि वही बंद करतात. रविवारी सकाळी लवकर जा, ऑफिसं बंद, गाड्या कमी, चर्चगेटवरून चालतच जाता येतं.

सुरुवातीला एवढंच बघ:

- एकच गोष्ट निवड. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, कोरीव काम इतकं की माणूस त्यातच अडकतो, म्हणून डोळे बारीक करून बघ, मग बारकावे जातात आणि नुसता उजेड-सावलीचा आकार उरतो, तोच आधी काढ. वरची फ्लोरा देवी शेवटी, दोन-चार रेघांत.
- नजरेची रेषा, म्हणजे तुझ्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेघ, आधी आख. तू उभा असशील तर सपाट रस्त्यावर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात, पाय तेवढे वर-खाली होतात. लांबची माणसं वर चढवणं ही सगळ्यात कॉमन चूक.
- खोडरबर घरी ठेव.

शेजारचं हुतात्मा स्मारक मात्र नक्की काढ, संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी जीव दिला त्यांचं आहे ते, मशाल धरलेले शेतकरी-कामगार आकाशासमोर सुंदर दिसतात, आणि बाहेरची रेघ सोपी आहे. ऊन चढलं की डी. एन. रोडच्या कमानींखाली सावलीत उभा राहा, तिथून कमानीच काढ.

वॉटरकलर, दोन बिंदूंचं पर्स्पेक्टिव्ह वगैरे आत्ता नको. काढलेलं इथे टाक, बघतो मी.