विटांच्या भिंतीवर एसीचे बाहेरचे युनिट

प्रश्न : आमच्या घराची बाहेरची भिंत प्लास्टर केलेल्या विटांची आहे. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी ब्रॅकेट लावताना भोकातून नुसती लाल भुकटी येत राहिली आणि आवळलेला अँकर बोल्ट जागीच फिरू लागला. ही भिंत युनिटचे वजन पेलेल का?

उत्तर : लाल भुकटी विटेतून येणारच, बोल्ट फिरणे ही मात्र गंभीर खूण आहे आणि तो तसाच ठेवून काम पुढे नेऊ नये. युनिटचे वजन ४० किलो, त्याचा मध्य भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर आणि वरच्या-खालच्या बोल्टांतले अंतर ३० सेंटिमीटर धरले, तर दोन्ही ब्रॅकेटांच्या वरच्या बोल्टांवर मिळून बाहेर खेचणारी ओढ सुमारे ३३ किलोची येते. धड विटेला ती जड नाही. परंतु कॉम्प्रेसरची थरथर वर्षानुवर्षे चालते, वादळी वारा लागतो आणि दुरुस्तीला आलेला माणूस युनिटवर भार टाकतो, म्हणून पकड याच्या कितीतरी पट हवी.

आवळल्यावर फुगणारा अँकर बोल्ट काँक्रीटसाठी उत्तम असतो. मऊ किंवा पोकळ विटेत मात्र तो विटेलाच आतून फोडतो, आणि आपल्याकडे बहुधा हेच झाले आहे. त्या भोकांपासून दूर, सांध्यात नव्हे तर अखंड विटेच्या मध्यावर, ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची क्रिया) बंद ठेवून नवे भोक घ्यावे आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरलेल्या व घट्ट होणाऱ्या रसायनात बसवलेला बोल्ट, वापरावा. भोक ब्रशने घासून व हवा मारून पुन्हा पुन्हा साफ करणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण भुकटी राहिली तर केमिकल विटेला न धरता त्या भुकटीलाच धरते. वीट पोकळ असल्यास जाळीची स्लीव्ह, म्हणजे केमिकल पोकळीत वाहून जाऊ नये म्हणून भोकात घालायची जाळीदार नळी, आवश्यकच आहे. भोकाची खोली मोजताना प्लास्टरची जाडी धरू नये. ते भार घेत नाही.

भिंत अर्ध्या विटेच्या जाडीची असेल किंवा वीट बोटाने खरवडली जात असेल, तर केमिकलवरही विसंबू नये. बोल्ट आरपार नेऊन आतल्या बाजूला पोलादी पट्टी द्यावी. जवळ काँक्रीटची तुळई वा खांब असल्यास ब्रॅकेट तिथेच लावणे मला अधिक पसंत आहे, त्यासाठी पाइप थोडा लांबला तरी चालेल. युनिटखाली रबरी पॅड द्यावेत आणि मागे हवेसाठी उत्पादकाने सांगितलेले अंतर सोडावे. काम उंचावर असेल तर कारागिराने सुरक्षापट्टा बांधल्याशिवाय ते सुरू करू देऊ नये.