शांत बाळाच्या घरी आधी जा

प्रिय बाय,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. चारांतली साडेतीन पानं तुझ्या अंगणवाडीतल्या एकाच मुलाची. दहा महिने पूर्ण झाले, अजून रांगत नाही, आजीने देवळात गाऱ्हाणं घातलं, शेजारणी रोज विचारतात, आणि आता तुलाही झोप लागत नाही. उरलेल्या अर्ध्या पानात मदतनिसाची रजा, आहाराचा हिशेब आणि जाता जाता दोन ओळी: वरच्या वाड्यावर सात महिन्यांची मुलगी आहे, "एकदम शांत, ठेवलं तिथे पडून असते, त्या घरचं काम पाच मिनिटांत होतं." पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या दोन ओळींपाशी अडले.

आधी मुलाचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध केले. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची त्यात नोंद होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत, हाता-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. किती रुंद पट्टा आहे बघ. शंभरातली चारएक बाळं तर तशी रांगलीच नाहीत, त्यांनी ती पायरी गाळली. तो मुलगा नीट बसतो, खुळखुळा या हातातून त्या हातात घेतो, जमिनीवरचा चुरमुरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलतो, असं तूच लिहिलं आहेस. शरीराचा ताबा डोक्याकडून खाली आणि खांद्याकडून बोटांकडे येतो. आधी मान, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हातातही मुठीने धरणं आधी आणि चिमूट शेवटी. त्याची चिमूट वेळेवर आली आहे.

दोन गोष्टी मात्र विचारून घे. तो किती दिवसांचा होऊन जन्मला? आठव्या महिन्यात झाला असेल तर जितके आठवडे लवकर आला तेवढे वयातून वजा कर. दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजायचं. आणि दिवसभर तो असतो कुठे? आजीच्या मांडीवर आणि वॉकरमध्ये, असं उत्तर येईल असं मला वाटतं. वॉकरने चालणं लवकर येत नाही, पण जिन्यावरून आणि पायरीवरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली वॉकरवर बंदीच घातली. त्याला माजघरात चटईवर पालथा सोडायला सांग. पाय ताठ राहत असतील, एकच हात वापरत असेल किंवा काल येत असलेलं आज येईनासं झालं असेल, तर मात्र थांबू नकोस, आरोग्य केंद्रात पाठव. एक वर्षाच्या आत 'डावखुरा' ठरलेलं बाळ दिसलं की त्याचा दुसरा हात तपासायचा असतो.

आता त्या मुलीकडे येते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्तरी तालुक्यातल्या एका गावात असंच एक बाळ होतं. चौथ्या महिन्यात मी आईला विचारलं, ऐकतो का, आवाज करतो का? ती म्हणाली, करतो की, हुंकार देतो. मी वहीत 'ठीक' लिहिलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की ज्याला ऐकू येत नाही ते बाळही पहिले काही महिने हुंकारतं आणि गूं-गूं करतं. फरक नंतर दिसतो. ऐकू येणाऱ्या बाळाच्या आवाजात सहाव्या-सातव्या महिन्यापासून व्यंजनं येतात, बाबाबा, दादादा असं सुरू होतं. ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याचा आवाज कमी होत जातो. तो मुलगा गप्प होत गेला. घरची माणसं म्हणायची, "आमचें भुरगें शाणें, मातूय रडना," म्हणजे आमचं बाळ शहाणं, जरासुद्धा रडत नाही, आणि मीही मान डोलावली. दीड वर्षाला मी म्हटलं, मुलगे उशिराच बोलतात. तीन वर्षांचा झाल्यावर तपासणी झाली. दोन्ही कान. त्याच्या आईने मला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "बाई, म्हणजे मी पाळणे म्हटले त्यातलं त्याला काहीच ऐकू आलं नाही?"

ते 'ठीक' माझ्या हातचं होतं.

पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू, असा नियम अनेक देशांत का ठरला, ते मला पुढे वाचताना कळलं. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्ही वेगळे कळत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना जवळजवळ कळेनासे झाले. म्हणजे पहिला शब्द तोंडातून यायच्या आधीच कान घरच्या बोलीसाठी घडत असतो. आपल्याकडे आजी कोकणीत बोलते, बाप मराठीत, टीव्ही हिंदीत. त्याने मूल गोंधळत नाही, हे आयांना ठामपणे सांग. त्याला हवी असतात ती तोंडाकडे बघून बोलणारी माणसं. मोबाइल त्यात मोजू नकोस. दोन वर्षांच्या आत तो नकोच.

तर वरच्या वाड्यावर जा. बाळ झोपेला आलेलं नसेल, भुकेलं नसेल, अशी वेळ धर, सकाळी साडेनऊच्या सुमाराची. आईच्या मांडीवर बसव. मदतनीस समोर बसून खेळण्याने तिचं लक्ष धरून ठेवेल. तू बाजूने, थोडी मागून, कानाच्या उंचीवर हातभर अंतरावरून घंटी हळू वाजव. टाळी वाजवू नकोस, वाऱ्याची झुळूक लागते. डबा आपटू नकोस, जमीन थरथरते. अशाने बहिरं बाळही वळतं आणि आपण फसतो. तुझी सावलीसुद्धा पडू देऊ नकोस. पावसाची सर कौलांवर कोसळत असेल तर परत ये, दुसऱ्या दिवशी जा. सात महिन्यांची मुलगी आवाजाकडे वळायला हवी, दोन्ही बाजूंना. शंका राहिली तर आरोग्य केंद्रातून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बेरा या कानांच्या चाचणीसाठी चिठ्ठी घे. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावतात, दुखत नाही, हे आईला आधीच सांग, नाहीतर ती जाणार नाही. शाळा-अंगणवाड्यांना भेट देणारं तपासणी पथक येईल तेव्हा दाखवू, असं म्हणत महिने घालवू नकोस.

घंटीकडे ती छान वळली, तरी उठून येऊ नकोस. आईकडे बघ. ती मुलीशी बोलते का? दूध पाजताना तिच्या डोळ्यांत बघते का? दोन महिन्यांचं बाळ हसू लागतं ते समोरून हसू येतं म्हणून. समोरचा चेहरा निर्विकार राहिला की बाळ आधी हातवारे करतं, हाका मारल्यासारखं करतं, आणि मग नजर फिरवून गप्प होतं. आपल्या गोव्यातच, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा इस्पितळात येणाऱ्या बायांचा अभ्यास केला होता, तो २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात सापडल्या. गरिबी, नवऱ्याची मारझोड आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणं त्यात स्पष्ट आहेत. पुढच्या वर्षीच्या लेखात त्यांच्या बाळांचं आलं: सहाव्या महिन्यात वजन-उंची कमी, विकास मागे. म्हणून त्या मुलीचं वजनाच्या नोंदींचं कार्ड काढून बघ. जन्मवजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट व्हायला हवं होतं. झालं का?

आईला विचारताना सासू जवळ नको. "बाळ कसं आहे?" हा प्रश्न तिला शंभर जणांनी विचारला असेल. तू विचार, "तुला झोप लागते का? जेवण जातं का?" आणि मग बोलू नकोस, थांब. उत्तर यायला वेळ लागतो. रडली तर डॉक्टरांकडे तिच्याबरोबर तू स्वतः जा.

बाळाचं लक्ष धरायला लाल लोकरीचा गोंडा आणि पितळेची छोटी घंटी माझ्याकडे अजून आहे. गुरुवारी साखळीला येणार आहे, बसस्टँडवर सकाळी भेट, देते. घंटीला ती कशी वळली, कोणत्या बाजूने वळली नाही, जन्मवजन किती आणि आई काय म्हणाली, ते त्याच दिवशी फोनवर सांग. रात्री दहापर्यंत मी जागी असते.

तुझी
बाई