डिस्चार्ज कार्डावरची तारीख आणि हातात उरलेला एक महिना

नवजात मुलीला झालेल्या इजेबद्दल तालुक्याच्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार करण्याविषयी आपण विचारले आहे. ते रुग्णालय खासगी आहे आणि बिल आपण भरले आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते का, या नेहमीच्या प्रश्नावर मी थांबत नाही. येते.

आपण कळवता त्यानुसार, 33व्या आठवड्यात जन्मलेल्या आपल्या मुलीच्या घशातील स्राव ओढण्याचे आणि पोटात नळी घालण्याचे अनेक प्रयत्न तालुक्याच्या रुग्णालयात झाले. लाळेतून रक्त येत असतानाही ‘अन्ननलिका जन्मतःच बंद आहे’ असे सांगून तिला तिसऱ्या दिवशी पुण्याला पाठवण्यात आले. तेथे दुर्बिणीने पाहिल्यावर घशाच्या मागच्या भिंतीला छिद्र आढळले. शस्त्रक्रिया न करता, तोंडावाटे दूध बंद ठेवून, शिरेतून पोषण आणि प्रतिजैविके देऊन ते भरून आले. चोविसाव्या दिवशी मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘नळीमुळे झालेली इजा’ अशी नोंद आहे. मुलगी आता 23 महिन्यांची झाली आहे.

सर्व काही त्या नोंदीवर अवलंबून आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019च्या कलम 69नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डॉ. श्रीखंडे प्रकरणात 2010 साली विचारात घेतले. मात्र त्याच निकालात, 1993च्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे दुखत असूनही संबंधित डॉक्टरांकडे न गेलेल्या महिलेची तक्रार मुदतबाह्य ठरली. आपल्याला तर चोविसाव्या दिवशीच लेखी कळले होते. ते कार्ड कपाटात ठेवून ‘आपसात मिटवू’ या तोंडी आश्वासनावर आपण दीड वर्ष घालवले, हे मला समजत नाही. तोंडी बोलण्याने मुदत थांबत नाही, आणि वकिलाच्या नोटिशीनेही नाही. कार्डाच्या तारखेपासून मोजल्यास दोन महिन्यांना थोडे कमी उरतात; जन्मतारखेपासून मोजल्यास एकच महिना. आपण एकच महिना धरावा. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईल या भरवशावर, किंवा मुलगी अज्ञान (18 वर्षांखालील) आहे म्हणून मुदत वाढेल या समजुतीवर बसू नये.

निष्काळजीपणा सिद्ध होईलच, असे मी सांगणार नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या नाजूक घशाला नळीने छिद्र पडणे हा ज्ञात धोका आहे, आणि ते छिद्र अन्ननलिका बंद असल्यासारखे भासू शकते, हेही वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. आपली बाजू इजेपेक्षा त्यानंतरच्या दोन दिवसांत अधिक भक्कम दिसते: रक्त दिसल्यावर प्रयत्न का थांबले नाहीत, एक्स-रेमध्ये नळी कोठे वळलेली होती, आणि बाळाला लगेच का हलवले नाही. याचे उत्तर नवजात शस्त्रक्रियेचा तज्ज्ञच देऊ शकेल. म्हणून पुण्याच्या रुग्णालयाला प्रतिवादी करण्याचा आपला विचार सोडून द्यावा. तेथील डॉक्टरांनीच अचूक निदान केले, आणि त्यांची साक्ष आपल्याला लागणार आहे.

कागदपत्रांसाठी आजच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या विनियमांनुसार नोंदी 72 तासांत द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे. एक्स-रेच्या अहवालावर समाधान न मानता मूळ फिल्म, परिचारिकांच्या नोंदी आणि पाठवणीची चिठ्ठी मागावी. कागद येईपर्यंत तक्रार मात्र अडवून ठेवू नये. ते नंतर हजर करण्याची परवानगी मागता येते.

तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, मुलीच्या वतीने पालक म्हणून आणि स्वतःच्या नावानेही करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या हरजोल अहलुवालिया प्रकरणात 1998 साली मूल आणि आईवडील दोघेही ग्राहक मानले गेले. भरपाई किती मिळेल, हे आज सांगता येत नाही. पोलिसांत जाण्याविषयी विचारता, तर सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, म्हणजे अत्यंत गंभीर, निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तो मला येथे दिसत नाही.

कायद्याने तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षित असला तरी प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि याची चीड मलाही येते. त्या विलंबावर आपला ताबा नाही; तक्रार दाखल करण्याच्या तारखेवर आहे. पुढील आठवड्यात कार्डाची प्रत आणि बिले घेऊन वकिलाकडे जावे.