बाबांची साखर आणि मुलीचं गणित: समजावणं थांबवा

ताई, तुमचे बाबा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, पण ‘आमच्या घराण्यातच साखर आहे, होणार ते होणारच’ म्हणून हलत नाहीत. आठवीतली लेक म्हणते, ‘गणित माझ्या डोक्यात शिरतच नाही.’ काय करायचं ते दोघांनाही ठाऊक आहे. करून उपयोग होईल, हेच पटत नाही.

ते बोलून पटणारही नाही. ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का येतो तो स्वतः काही करून दाखवल्यावर, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. इतक्या वर्षांच्या शिकवण्यांत मलाही तेच दिसत आलंय.

बाबांशी घराण्यावरून वाद घालू नका, त्यात तथ्य आहेच. पण चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष छापले: खाणं-चालणं बदललेल्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडाही त्यांना ऐकवत बसू नका. घरी ग्लुकोमीटर आणा. एक दिवस जेवून नेहमीसारखं बसू द्या आणि दोन तासांनी साखर मोजा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढंच, पण लगेच सूरसागर तलावाला पंधरा-वीस मिनिटांची फेरी, आणि पुन्हा मोजा. एका दिवसावर जाऊ नका, आकडे खालीवर होतात; चार-पाच वेळा करा. वहीत आकडे त्यांनाच लिहू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका, हे फार महत्त्वाचं. (साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

लेकीचं जास्त नाजूक आहे. ‘तू हुशार आहेस’ हे बंद करा. पुढचं गणित चुकलं की ती हुशारीवरच शंका घेते. आठवीची समीकरणं अडतात तेव्हा बहुतेकदा खाली अपूर्णांक आणि ऋण संख्या कच्च्या असतात. सहावीच्या पुस्तकापासून सुरू करा, रोज थोडीच गणितं, आणि कुठे चुकलं ते तिनेच शोधायचं.

नुसत्या ‘प्रयत्नाने बुद्धी वाढते’ या शिकवणीकडून मात्र फार अपेक्षा नको. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांना तासाभराहून कमी वेळात हेच शिकवलं; २०१९ मध्ये निकाल आले. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच, आणि जिथे सोबतची मुलं अवघड प्रश्नांना भिडत होती तिथे जास्त. म्हणून तिच्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना एकदा भेटून या: चुकीचं उत्तर दिलं की वर्ग हसतो का, एवढंच विचारा.